निळ्या रांजणांचं पाणी

मार्च उलटला, की इंदूरहून सांवेरकडे येणाऱ्या सकाळच्या बसमध्ये एक बाई रेनकोट घेऊन चढायच्या. आकाशात ढगाचा मागमूस नसायचा. दोन्ही अंगांना गव्हाची काढणी चाललेली, भुश्शाची सोनेरी धूळ खिडकीतून आत येऊन लोकांच्या भुवयांवर बसलेली, आणि या बाईंच्या मांडीवर घडी घातलेला खाकी रेनकोट. कंडक्टर दर वर्षी न चुकता विचारायचा, "मॅडमजी, आज बारिश है क्या?" बाई तिकिटाचे सुटे पैसे काढता काढता सांगायच्या, "है. सातवी कक्षा में."

या मंजुळाबाई. आमच्या गावच्या सरकारी शाळेत त्या विज्ञान शिकवतात. शाळा हिंदी आणि बाई मराठी. गावात मराठी बोलणारी घरं अगदी थोडी, म्हणून दुपारच्या सुट्टीत त्या आमच्या ओट्यावर चहाला टेकतात आणि सकाळपासून अडवून धरलेली मराठी मोकळी सोडतात. माणूस घरी आल्यावर चपला काढतो ना, तसं त्यांचं होतं. ही गोष्ट त्या ओट्यावर तुकड्यातुकड्यांनी ऐकली, आणि तिचा शेवट मी स्वतः जाऊन पाहिला.

रेनकोटाचं आधी सांगतो. बाई वर्गातल्या दोघांना बाहेर काढत. एकाच्या अंगावर रेनकोट, दुसरा नुसत्या सदऱ्यावर. दोघांनी कडुनिंबाला फेऱ्या मारायच्या. थोड्याच वेळात दोघेही घामाने न्हालेले असत, पण सदरेवाला वाऱ्याला उभा राहिला की सुखाने डोळे मिटी आणि रेनकोटवाला मात्र उकडलेल्या बटाट्यासारखा लाल होऊन बटणं सोडत सुटे. मग बाई विचारत, घाम दोघांना आला, मग गारवा एकालाच का? पोरं डोकं खाजवत. तेव्हा त्या सांगत, की घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. वाळताना तो अंगातली उष्णता उचलून वाऱ्यावर नेतो. घरचा माठही असाच गार होतो. त्याच्या अंगातून पाणी पाझरतं, वाळतं आणि जाताना आतल्या पाण्याची गरमी घेऊन जातं.

आमच्या गावातल्या बायका तेव्हापासून माठ न्हाणीच्या कोपऱ्यातून काढून खिडकीत ठेवायला लागल्या. विज्ञान गावात कसं येतं म्हणाल, तर असं येतं. पोरगं घरी जाऊन आईला म्हणतं, आपल्या माठाला वारा लागू दे.

अशा या बाईंच्या हातून जी चूक झाली, ती दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती.

मंजुळाबाईंचं माहेर आणि सासर दोन्ही इंदुरातच. त्यांचे आजोबा फौजेत होते, महूला. वडील बाबूराव महूच्याच फौजी वर्कशॉपात ट्रकांचे मेकॅनिक होते, आता वय झालंय, पण पाठ अजून ताठ. दर वर्षी एप्रिलात बाबासाहेबांच्या जयंतीला महूकडे माणसांचा पूर लोटतो. अकोला, बुलडाणा, नागपूर, कुठून कुठून माणसं येतात. कुणी रेल्वेने, कुणी बसने, कुणी इंदूरपासून पायी. त्या वाटेवर, राऊच्या अलीकडे, बाबूरावांची पाणपोई लागते. इंदुरात तिला प्याऊ म्हणतात. आजोबांनी फौजेतून परतल्यावर रस्त्याकडेला एक रांजण आणि एक पितळी ओगराळं ठेवलं, तिथून ती सुरू झाली.

या पाणपोईचा एक नियम आहे. इथं कुणी कुणाला पाणी वाढत नाही. येणाऱ्याने झाकण उचलायचं, लांब दांड्याचं ओगराळं आत सोडायचं आणि आपल्या हाताने आपलं पाणी घ्यायचं. आजोबांनी लहानपणी ओंजळ पुढे करून, वरून कुणी धार सोडील याची वाट पाहत पाणी प्यायलेलं होतं. त्यांनी ठरवलं होतं, की माझ्या रांजणापुढे कुणाला ओंजळ करावी लागणार नाही. मंजुळाबाई पुढे विज्ञान शिकल्या आणि त्यांनी या नियमात स्वतःची एक ओळ जोडली. दांडी लांबच हवी, हात पाण्याला लागता कामा नये. कुणी विचारलं तर सांगत, "ही लांबी जंतूंसाठी आहे. माणसासाठी नाही."

तर यंदा बाबूरावांनी जाहीर केलं, की गुडघे बोलायला लागलेत, पाणपोई आता मंजूने सांभाळावी. जयंतीचे एकूणएक रांजण, त्यांच्याखालची वाळू, मांडव, सगळं लेकीच्या ताब्यात दिलं. फक्त आजोबांचं पितळी ओगराळं दिलं नाही. पाणी गार झालेलं पाहीन, मग टांगीन, म्हणाले.

मंजुळाबाईंचा धाकटा भाऊ नरेंद्र इंदुरात पलासियातल्या एका बँकेत नोकरीला आहे. मनाने चांगला, पण त्याला मोबाइलवरून सुटणारी गोष्ट हाताने सोडवायला आवडत नाही. त्याचं म्हणणं असं, की आजकाल थंड पाण्याचे कॅन मिळतात, नळाखाली ग्लास धरला की झालं, रांजण कशाला वाहायचे? बहीणभावांत त्यावर बरंच बोलणं झालं आणि शेवटी सौदा ठरला. यंदा रांजण. लोक तोंड वाकडं करून पुढे गेले, तर पुढच्या साली कॅन, आणि रांजण घरापुढे शोभेच्या झाडांना. बाबूराव खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनी ओगराळं तेवढं मांडीवर आडवं घेतलं.

मंजुळाबाईंना वाटलं, पहिलंच वर्ष आहे, काहीतरी आपलं असावं. जुने लाल रांजण लांबून दिसत नाहीत, धुळीत धुळीसारखे वाटतात. ते निळे केले तर? जयंतीला सगळा रस्ता निळा असतो, झेंडे निळे, पताका निळ्या. उन्हातून चालत येणाऱ्या माणसाला दुरूनच निळा रंग दिसेल आणि त्याचे पाय आपोआप इकडे वळतील. कल्पना इतकी गोड होती, की त्यांनी तिला उलटून पाहिलंच नाही.

त्या इंदूरच्या सियागंज बाजारात गेल्या. तिथल्या रंगाच्या दुकानदाराने डबा उघडून दाखवला, चकचकीत ऑइल पेंट, आरशासारखा. तो म्हणाला, "दीदी, ये लगा लो, पानी की एक बूँद बाहर नहीं आएगी." आणि आमच्या गावाला पाझरण्याचं महत्त्व शिकवणाऱ्या या बाई ते ऐकून खूश झाल्या. रांजण ओलेकच्च राहून रंग खराब करणार नाहीत, असा त्यांनी हिशेब केला. दोन ब्रश जास्तीचे घेतले.

घराच्या अंगणात आठवडाभर रांजण रंगत आणि वाळत राहिले. शेजारच्या वसुंधराबाई कुंपणापाशी उभ्या राहून कौतुक करून गेल्या. नरेंद्रने फोटो काढून नातेवाइकांना पाठवले, आणि मानावं लागेल असं दिसतंय ताई, अशी कबुलीही दिली. बाबूरावांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे काळा चष्मा होता. त्यांना रांजण फक्त छान गडद दिसले.

जयंतीच्या दोन दिवस आधी संध्याकाळी रांजण मांडवात बसवले, बोअरिंगचं पाणी भरलं. नरेंद्रने हौसेने तिन्ही बाजूंनी जाड कनाती बांधल्या, त्यावर फलक लावले. धूळ येणार नाही, म्हणाला.

सकाळी उन्हं चढायच्या आत मंजुळाबाई मांडवात आल्या. त्यांनी झाकण उचललं, स्टीलच्या ओगराळ्याने पाणी काढलं, घोट घेतला. आणि तशाच उभ्या राहिल्या. पाणी जसं भरलं होतं तसंच होतं, ना गार ना गरम, कुणी विसरून गेलेल्या चहासारखं. दुसऱ्या रांजणातलं प्यायलं. तेच. तिसऱ्याचं त्यांनी प्यायलंच नाही.

मागून काठीचा आवाज आला. बाबूराव आले होते. त्यांची जुनी सवय अशी, की पाणी न चाखता ते आधी रांजणाच्या पोटावर पालथा हात ठेवत. बाळाला ताप आहे का पाहावं तसा. त्यांनी हात ठेवला, फिरवला. हात कोरडा. काळा चष्मा वर करून रांजणाकडे नीट पाहिलं. मग ते अंगठ्याच्या नखाने निळा रंग टोकरून बघायला लागले, आणि त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "रांजणाला रेनकोट घातलास की तू."

मंजुळाबाईंनी कपाळावर हात मारला. त्या ओट्यावर हे सांगतात तेव्हा अजून मारतात. पोरांना दर वर्षी जे शिकवलं, तेच आपल्याला रंगाच्या डब्यापुढे आठवलं नाही, याचं त्यांना हसूही येत होतं आणि रडूही. कारण दुपारपासून माणसं यायला लागणार होती. उद्या तर रस्ता दिसणार नव्हता.

तेवढ्यात नरेंद्र आला. त्याने घोट घेतला, बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि चांगुलपणाने थट्टा गिळली. "ताई, टेन्शन मत ले यार. मी कॅनवाल्याला फोन करतो, दोन घंट्यांत माल येऊन जाईल." बाई नको म्हणाल्या. मग त्याने बर्फ सुचवला. बर्फाच्या कारखान्यातली एक लादी फोडून रांजणात टाकू, कुणाला कळणार आहे? इथं मात्र बाईंमधली शिक्षिका जागी झाली. तो बर्फ मासळी आणि दुधाचे डबे गार ठेवायला असतो, त्याचं पाणी कुठलं हे कुणी सांगत नाही. लांब दांडीचं ओगराळं ठेवायचं आणि आत तसला बर्फ सोडायचा, मग दांडी कशासाठी? नरेंद्रने हात वर केले.

रंग घासून काढावा, तर पॉलिश पेपरने एक रांजण अर्धा उघडा व्हायलाच दुपार होईल. थिनरने काढावा, तर माती तो वास पिऊन घेईल आणि पाण्याला देईल. बाई मांडवात येरझारा घालत होत्या. आत गुदमरत होतं. पदराने तोंड पुसलं, ओला पदर मानेवर टाकला. आणि मानेला गार लागलं.

त्या थांबल्या. पदर बादलीतल्या पाण्यात बुडवला, पुन्हा मानेवर टाकला. मग तोच ओला पदर रांजणाच्या निळ्या पोटावर पसरून धरला आणि तिथेच उकिडव्या बसून राहिल्या. नरेंद्रला वाटलं, ताईला चक्कर आली.

"याला स्वतःला घाम येत नाही ना," त्या म्हणाल्या, "तर याच्या वतीने कपड्याला येऊ दे."

रंगाने पाण्याची वाट अडवली होती, उष्णतेची नाही. उष्णता मातीतून आणि रंगातून बाहेर येऊ शकत होती, तिला कुणीतरी उचलून न्यायला हवं होतं. रांजणाला ओला कपडा गुंडाळला, की कपड्यातलं पाणी वाळेल आणि वाळताना रांजणाची गरमी नेईल. पोरांच्या पुस्तकात हे एका वाक्यात आहे. त्या दिवशी त्या वाक्याला हातपाय फुटले.

आधी गोणपाट हवं होतं. त्यांनी आमच्या गावाला फोन लावला, तो माझ्याच घरी आला. पण एप्रिलचा महिना, सरकारी खरेदीला गहू चाललेला, तागाचं बारदान सगळं तिकडे गेलेलं. आमच्याकडे उरले होते ते प्लास्टिकचे कट्टे, आणि बाईंना प्लास्टिक म्हटलं की तेव्हा रेनकोटच दिसत होता. मी म्हटलं, बाई, सुती लुगडं चालणार नाही का? मग म्हणाल्या, आमच्या घरातच पेटीभर आहेत की हो.

जयंतीला बायका पांढरी लुगडी, पांढरी पातळं नेसतात. जुनी, धुऊन धुऊन मऊ पडलेली सुती पातळं घरोघरी ठेवणीत असतात. मंजुळाबाईंनी घरी जाऊन आपली काढली, आईची काढली. वसुंधराबाईंनी कुंपणावरून चार दिली आणि वर बजावलं, की काठ दर्शनी बाजूला येऊ दे हं, माझं पातळ आहे, लोकांना दिसलं पाहिजे.

एकेका रांजणाला ओलं पातळ गुंडाळलं गेलं. मग प्रश्न आला, ते ओलं ठेवायचं कुणी? लोक यायला लागले की शिंपडत बसायला हात कुठले? बाईंनी प्रत्येक रांजणामागे विटा रचल्या, वर पाण्याने भरलेलं घमेलं ठेवलं आणि पातळाचं टोक त्यात सोडलं. कंदिलाची वात जशी तेल ओढून घेते, तसा तो सुती पदर घमेल्यातलं पाणी ओढून घ्यायचा आणि सावकाश खाली रांजणाच्या अंगभर पोचवायचा. कुणाला हात लावायला नको. नरेंद्र बराच वेळ वाकून ते पाणी चढताना पाहत राहिला. बँकेतल्या माणसाला फुकट चाललेलं काम पाहून भारी वाटतं.

बाबूराव खुर्चीत बसून पाहत होते. त्यांनी मग छागळीची गोष्ट काढली. फौजी ट्रकांच्या बाजूला कॅनव्हासची पिशवी टांगलेली असे, पाण्याने भरलेली. तिला छागळ म्हणत. ट्रक धावायला लागला की तिच्यातलं पाणी असं गार व्हायचं, की दात शिवशिवत. ट्रक उभा राहिला, की छागळही रुसायची. सगळ्यांनी ही गोष्ट आधी ऐकलेली होती, म्हणून कुणी मान वर केली नाही. बाबूरावांनी काठीने कनातीवर टकटक केलं.

"मी गोष्ट सांगत नाहीये. ट्रक उभा आहे, ते सांगतोय."

मंजुळाबाईंनी कनातीकडे पाहिलं, मग वडिलांकडे. आणि नरेंद्रला म्हणाल्या, "सोड त्या." नरेंद्रने एवढ्या हौसेने बांधलेल्या कनाती सोडल्या. पश्चिमेकडून, उघड्या माळावरून, एप्रिलची कोरडी झळ सरळ मांडवात घुसली. माणसाला नकोशी ती झळ, ओल्या पातळांना मात्र मानवली. पातळं फडफडली, रांजणांच्या अंगाला चिकटली. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, की बायकांचा एक घोळका वंदनेला उभा आहे.

मग वाट पाहणं आलं. विज्ञानात हाच भाग कठीण असतो, हे बाई पोरांना सांगत नाहीत. त्या घडीघडीला रांजणाकडे जात आणि बाबूराव त्यांना परत बोलवत. नरेंद्र एकदा बाजूला जाऊन फोनवर हळू आवाजात बोलला. बहिणीने पाहिलं, पण विचारलं नाही.

दुपार कलली तसा कॅनचा टेंपो आला. नरेंद्र ओशाळून म्हणाला, की सोबतीला असू देत, बॅकअप. कॅन मांडवाच्या कडेला ओळीने लागले. आणि त्यांच्या मागोमागच पहिला जथा आला, अकोल्याकडचा, पायी आलेला. पुढे एक म्हातारी, डोक्यावर पदर, पायांत कॅनव्हासचे बूट. तिने दोन्हीकडे पाहिलं. एकीकडे नळाचे कॅन, दुसरीकडे पातळ नेसलेले रांजण.

नरेंद्र पुढे होऊन ग्लास भरायला लागला तर म्हातारीने त्याला हाताने थांबवलं. "राहू दे बाबू, मी घेतो मायं," ती म्हणाली. रांजणाशी गेली, झाकण उचललं, ओगराळं आत सोडलं. ग्लास भरला, वरून घटाघटा प्यायली. पुन्हा भरला. मंजुळाबाईंचा सगळा जीव त्या दुसऱ्या ग्लासात होता.

दुसरा ग्लास संपवून तिने तोंड पुसलं, मागच्या बायांकडे वळली आणि सांगितलं, "या वो इकडे. विहिरीचं हाय."

एवढंच. पण बाबूराव उठले. त्यांनी पातळाखाली बोटं सरकवून रांजणाच्या पोटाला पालथा हात लावला, तो बराच वेळ तिथेच ठेवला. मग मांडवाच्या खांबाला जो जुना खिळा होता, त्यावर आजोबांचं पितळी ओगराळं टांगलं.

मी दुसऱ्या दिवशी, जयंतीच्या सकाळी, मोटारसायकलवरून तिथे पोचलो. रस्ता निळा झाला होता आणि त्या निळ्यात मांडवापाशी पांढरं दिसत होतं. मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा पितळी ओगराळं माझ्या हातात आलं. दांडी ऊनऊन होती, आणि आत सोडली तशी टोकाकडून गार होत वर आली. पाणी जिभेवर आलं आणि मला माझ्या विहिरीची आठवण झाली. कॅन एका बाजूला उन्हात तापत उभे होते. नरेंद्र बाह्या वर करून घमेली भरत फिरत होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वात आणि तेल समजावून सांगत होता, जणू ते त्यानेच शोधलं होतं. एकाने त्याला विचारलं, भिया, आप साइंस के टीचर हो क्या? तो म्हणाला, "नहीं, मेरी दीदी है. मैं बैंक में हूँ, पर समझता हूँ."

पुढच्या साली निळे रांजण राहणारच. बाईंनी उपाय काढून ठेवला आहे. चुन्यात कपड्यांची नीळ कालवायची आणि तो हात द्यायचा. चुना श्वास घेऊ देतो. नवे रांजण आत्ताच सांगून ठेवले आहेत. रंगवलेल्यांपैकी एक आमच्या शाळेत आला, कडुनिंबाखाली साध्या रांजणाशेजारी बसला. पोरं दोन्हींतलं पाणी पिऊन बघतात आणि स्वतःच भांडून उत्तर काढतात. रेनकोट आता पावसाळ्यातच बाहेर निघेल. कंडक्टर बिचारा विचारायला तोंड उघडतो आणि मिटतो.

जयंती उरकली, मांडव सुटला, तेव्हाचं मात्र सांगायचं राहिलं. दर वर्षी बाबूराव ते पितळी ओगराळं टॉवेलात गुंडाळून आपल्यासोबत नेत आणि घरी बसून स्वतः घासत. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. यंदा त्यांनी ते खिळ्यावरून काढलं, उन्हात धरून पाहिलं आणि लेकीच्या हातात दिलं.

"चिंचेने घास," म्हणाले. "साबण नको."

मंजुळाबाई म्हणाल्या, "माहीत आहे बाबा, चिंचेत आम्ल असतं."

"ऑइल पेंटच्या वेळीही सगळं माहीत होतंच की," बाबूराव म्हणाले आणि काठी टेकत गाडीकडे निघाले.